पहिल्या पक्षातला मामा

आमच्या घराण्यात जामीन राहण्याची परंपरा जुनी आहे. आणि फेडण्याचीही. आजोबा शेजाऱ्याच्या विहिरीवरच्या इंजिनाला जामीन राहिले; इंजिन शेजाऱ्याकडे राहिलं आणि हप्ते आजोबांकडे आले. वडिलांनी कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नासाठी पतसंस्थेत सही केली. मुलगी सासरी गेली, सहकारी सुरतेला गेला, आणि वडिलांच्या पगारपत्रकात ‘जामीन कपात’ नावाचा एक रकाना कितीतरी वर्षं मुक्कामाला होता. लहानपणी मला तो कुणीतरी दूरचा नातेवाईक वाटायचा. कारण सायकल मागा, सहलीचे पैसे मागा, आई त्याचंच नाव घ्यायची.

त्यामुळे सरकारी नोकरीत चिकटलो तेव्हाच मी ठरवून टाकलं होतं की मस्टर सोडून कुठेही सही करायची नाही. कचेरीत माझी तशी ख्यातीही झाली. पतसंस्थेचा फॉर्म घेऊन कुणी टेबलाजवळ आलं की शेजारचा शिपाईच त्याला परस्पर सांगायचा, “साहेब चहा पाजतील, सही देणार नाहीत.”

हा बाणेदारपणा मोडायला ताईला एक राखी पुरली. २०१९ साली राखी पौर्णिमा नेमकी पंधरा ऑगस्टला आली होती. सकाळी पुण्यात झेंड्याला सलामी दिली आणि संध्याकाळी सोलापूर जिल्ह्यातल्या ताईच्या गावी जाऊन स्वातंत्र्य गमावलं. भाच्याला, म्हणजे ओंकारला, पुण्याच्या एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटरला प्रवेश मिळाला होता. ताईने राखी बांधली, पेढा भरवला, आणि मी ओवाळणीचं पाकीट काढल्यावर ते हातानेच मागे सारून म्हणाली, “पैसे नकोत रे या वेळी. एक सही दे.”

मी जोरात हसलो. म्हटलं, “ताई, जग कुठे चाललंय! शैक्षणिक कर्जाला आता जामीन लागत नाही. साडेसात लाखांपर्यंत ना तारण, ना तिसऱ्या माणसाची हमी. २०१५पासून सरकारने हमी निधीच काढलाय. पोरगा बुडाला तर पंचाहत्तर टक्के रक्कम सरकार बँकेला देतं. म्हणजे सरकार स्वतः जामीनदार! मग मी कशाला?”

“तेच बँकेत येऊन सांग,” ताई म्हणाली.

मी गेलो. सरकारी कर्मचारी असल्यामुळे सरकारी परिपत्रकावर माझा विश्वास असतो. हे आमच्या खात्यातही विनोदाने घेतलं जातं.

बँकेत जाण्याआधी रात्री खर्चाचा अंदाज मांडायला बसलो. फी वर्षाला सव्वा लाख, म्हणजे चार वर्षांची पाच लाख. होस्टेल आणि मेस मिळून दोन लाख साठ हजार. लॅपटॉप एक्कावन्न हजार. हा आकडा ओंकारने घातला होता, आणि त्या यंत्रावर अभ्यासाव्यतिरिक्त काय काय चालतं हे मला नंतर कळलं. एकूण आठ लाख अकरा हजार. चार लाखांच्या वरच्या कर्जात पाच टक्के पदरचे घालावे लागतात. ते वजा केल्यावर कर्ज सात लाख सत्तर हजारांवर गेलं. साडेसातच्या वर वीस हजार! म्हणजे सरकारची हमी गेली आणि दाजींच्या घराचे कागद तारण मागितले जाणार. दाजी, ताई आणि मी पुन्हा पुन्हा बेरीज करत होतो. लॅपटॉपला ओंकार हात लावू देईना. फी तर हलणारी नव्हतीच. अखेर शेवटच्या सत्रात पोरगा जेवणार नाही असं एकमताने गृहीत धरण्यात आलं आणि मेसचे बावीस हजार कापले. कर्ज रेषेखाली आलं. ओंकारने मान्यता दिली, कारण तोवर तो घरजेवण करून झोपी गेला होता.

बँकेतल्या अधिकाऱ्यांनी माझं हमी निधीवरचं प्रवचन शांतपणे ऐकून घेतलं. काचेच्या टेबलावर फाइल, फाइलवर पेपरवेट, पेपरवेटवर त्यांचा हात. मग म्हणाले, “सर, सरकारची हमी आहे, मान्य. पण हप्ता थकला की मी सरकारला फोन लावू शकतो का?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी स्वतः सरकारात आहे, आणि आमच्या खात्याचा फोन कुणी उचलत नाही हे मला ठाऊक होतं.

“शिवाय,” ते पुढे म्हणाले, “वडील सहकर्जदार आहेत, पण त्यांचा सिबिल बघा.” आम्ही पडद्यावर पाहिलं. दाजींचा आकडा साडेपाचशेच्या आसपास घुटमळत होता. दाजी कुठल्याशा मित्राच्या टेम्पोला जामीन राहिले होते. टेम्पोने पहिल्याच वर्षी परराज्यात प्रस्थान ठेवलं होतं. सासरी आणि माहेरी ताईला एकाच संस्कारांची माणसं मिळाली, याचं मला तेव्हा बरंही वाटलं.

“पण साहेब, तृतीय पक्षाची हमी घ्यायला बंदी आहे. योजनेत स्पष्ट लिहिलंय,” मी शेवटचा बाण सोडला.

“अगदी बरोबर,” अधिकारी म्हणाले. “म्हणून आम्ही तुम्हाला तृतीय पक्षात घेतच नाही. पहिल्या पक्षात घेतो. तुम्हीही सहकर्जदार व्हा. सरकारी नोकरी आहे, पगारपत्रक आणलंय ना?”

म्हणजे सरकारची हमी अखेर मिळालीच. फक्त सरकारच्या वतीने ती मी द्यायची होती. मी सही केली. एक नव्हे, प्रत्येक पानावर, प्रत्येक फुलीपाशी, आणि एका रसीद तिकिटावर आडवी.

व्याज अनुदानाचं काय झालं तेही सांगून टाकतो. वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर शिकण्याचा काळ आणि पुढचं एक वर्ष, एवढ्या मुदतीचं व्याज केंद्र सरकार भरतं. ही योजना २००९पासून आहे आणि चांगली आहे. दाजींचं किराणा दुकान. खरं उत्पन्न साडेतीन लाखसुद्धा नसेल. पण त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना घरकर्ज हवं होतं, म्हणून सल्लागाराने विवरणपत्रात उत्पन्न फुगवून चार लाख ऐंशी हजार केलं होतं. घरकर्ज मिळालं नाहीच. तहसीलच्या दाखल्यावर मात्र तोच आकडा उमटला. उभ्या आयुष्यात दाजी एकदाच श्रीमंत झाले आणि नेमके तेव्हाच सरकारने पाहिलं.

पहिलं वर्ष संपायच्या आतच कोविड आला. शिकवणं ऑनलाइन गेलं, फी जागची हलली नाही. ओंकार घरी बसून आईच्या हातचं खात पुण्याच्या कॉलेजात शिकला. कर्जाचे हप्ते बँकेतून थेट कॉलेजच्या खात्यात जात होते आणि तसा संदेश माझ्या फोनवर येत होता. कॉलेजला पैसे मिळाले की पहिली बातमी मला. अभिनंदनाचा सूर त्यात नसायचा, एवढाच काय तो फरक.

आता खरी फजिती. २०२२च्या मे महिन्यात ताईच्या गावच्या वाचनालयाची व्याख्यानमाला दोन वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाली. दाजी कार्यकारिणीवर. शेवटच्या दिवशी परिसंवाद ठेवला होता: ‘सरकारी हमीची शैक्षणिक कर्जे बंद करावीत का?’ दाजींचा फोन आला, “पाव्हणं, तुम्ही या. दिवाळी अंकात लिहिता, बोलायचं जमंल. घरचाच माणूस म्हणजे मानधनाचा प्रश्न येत नाही.” मला ‘चालू ठेवावीत’ ही बाजू हवी होती. पण ती गावच्या निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी आधीच घेतली होती, आणि गावातल्या अर्ध्या सभासदांना त्यांनी छड्या मारलेल्या असल्यामुळे ती बदलून मागायची कुणाची छाती नव्हती. माझ्याकडे ‘बंद करावीत’ आली.

मी तयारीला लागलो, आणि खरं सांगायचं तर तयारी करता करता मलाच पटत गेलं. स्वतःच्या नावावर साडेसात लाखांचं कर्ज असताना कर्जविरोधी विचार फार लवकर पटतात. भाषणात मी सुरुवातच इतिहासातून केली. १९६३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय कर्ज-शिष्यवृत्ती काढली. बिनव्याजी! शिकून शिक्षक झालात तर नोकरीच्या दर वर्षामागे कर्जाचा दहावा हिस्सा माफ. इतकी दिलदार योजना, पण वसुली इतकी रडतखडत झाली की १९९१मध्ये ती बंद करावी लागली. “सरकारने एकदा बंद करून पाहिलंय,” मी टेबलावर हात आपटून म्हणालो, “आकाश कोसळलं नाही!” टाळ्या आल्या. मग १९८३: वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी मिळाली, माळावर इमारती उभ्या राहिल्या. मग २००१: बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली. आधी दुकानं, मग उधारी!

तिथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण वक्त्याला टाळी मिळाली की त्याला अमेरिका आठवते. तिथे १९६५च्या कायद्याने विद्यार्थ्यांच्या कर्जाला सरकारी हमी मिळाली. १९८७मध्ये त्यांचे शिक्षणमंत्री विल्यम बेनेट यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून कॉलेजांना लोभी म्हटलं: सरकार मदत वाढवतं म्हणून तुम्ही बिनधास्त फी वाढवता. “आणि आज,” मी आवाज चढवला, “तिथल्या पोरांच्या डोक्यावर दीड लाख कोटी डॉलरहून जास्त कर्ज आहे!” सभागृह स्तब्ध. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून आवाज आला, “रुपयांत किती?”

मी मनातल्या मनात सत्त्याहत्तरने गुणायला घेतलं. शून्यं मोजताना एक हातून निसटलं. मी म्हणालो, “अकरा लाख कोटी.” एक गणिताचे शिक्षक उठून म्हणाले, “एकशे पंधरा.” मी म्हणालो, “तेच म्हणतोय मी, खूप.” ओंकार पहिल्या रांगेत मोबाइलवर माझं भाषण चित्रित करत होता. तो भाग अजून नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतो.

बाई उठल्या. कागद नाही, चष्मा नाही. म्हणाल्या, शिक्षणासाठी कर्ज ही आज निघालेली टूम नाही. जमशेटजी टाटांनी १८९२मध्ये परदेशी शिक्षणासाठी निधी काढला तो कर्जरूपानेच, आणि त्याच निधीतून शिकायला गेलेले के. आर. नारायणन पुढे राष्ट्रपती झाले. बाबासाहेब १९१३ साली कोलंबियाला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या मदतीने, दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षं. मी बसल्या जागेवरून म्हणालो, “ती शिष्यवृत्ती होती, बाई.” बाई माझ्याकडे अशा वळल्या की मी नकळत हात पुढे केला. “दहा वर्षं संस्थानची चाकरी करायचा करार लिहून घेतला होता. परतफेड नाही तर काय ती?” मग बेनेटसाहेबांचा समाचार: अमेरिकेत कॉलेज आपली फी आपण ठरवतं, महाराष्ट्रात खासगी व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण मंजूर करतं, तेव्हा तिकडचं औषध इकडच्या पोटाला चालेलच असं नाही.

पण त्यांचा खरा घाव पुढे होता. “तुम्ही बँकेचं बंद करा. सावकाराचं कोण बंद करणार आहे? मुलगा असेल तर बाप जमीन विकून शिकवील. मुलगी असेल तर तीच जमीन विकून लग्न करील. माझ्या शाळेतल्या पोरी कर्ज मिळालं म्हणून नर्सिंगला गेल्या. नाहीतर बारावीनंतर पत्रिकेवर नावं छापून झाली असती त्यांची.” यावर टाळ्या पडल्या नाहीत. मागे बायका बसल्या होत्या, त्यांच्यातल्या दोघीतिघी नुसत्याच माना हलवत राहिल्या. मला त्या क्षणी बाजू बदलायची होती, पण सूत्रसंचालकाने ‘आता आजच्या कार्यक्रमाचे प्रायोजक दोन शब्द बोलतील’ असं जाहीर केलं.

प्रायोजक उठले. पेपरवेटवर हात ठेवणारे तेच अधिकारी. मी मान वळवून मागच्या फलकाकडे पहिल्यांदा पाहिलं. बँकेचं नाव माझ्या उंचीएवढ्या अक्षरांत होतं. अर्धा तास मी त्याच अक्षरांपुढे उभा राहून बँकेचं कर्ज बंद करायला सांगत होतो.

“वक्त्यांचे विचार आम्हाला नवे नाहीत,” ते सौम्यपणे म्हणाले. “मात्र परतफेड होत नाही हे त्यांनी इतक्या तळमळीने सांगितलं की शाखेने नोंद घेतलीच पाहिजे.” ओंकारच्या हातातला मोबाइल खाली आला.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून एक आजोबा, धोतर, टोपी, हातात पिशवी, बसूनच बोलले: “मला एक सांगा. पोरगं सही करतंय, बाप सही करतोय, सरकार हमी देतंय, मामा-काका आडकत्यात. मग ज्याला पैसं मिळत्यात त्या कॉलेजाला का जामीन घेत न्हाई कुणी?”

दिवसातली सर्वांत मोठी टाळी ती होती. बाईंनीसुद्धा वाजवली. आणि मला वाटतं, सगळ्या वादाची नस त्या म्हाताऱ्याने बसल्या जागी धरली. सरकारी हमी आहे ती बँकेसाठी आहे. पोरगं बुडालं तर बँकेला पाऊण रक्कम मिळते, पण पोरग्याचं देणं काही त्यामुळे मिटत नाही. त्याच्यामागे तगादा आणि सिबिल राहतंच. कॉलेजला मात्र प्रत्येक वर्षाचे पैसे आगाऊ मिळतात. शंभरातले ऐंशी विद्यार्थी बेकार राहिले तरी त्याची इमारत पेंटच होत जाते. फीच्या पाचव्या हिश्शाला तरी त्याने जामीन राहावं, मग कुठली शाखा चालते आणि कुठली नुसती जाहिरातीत चालते हे नॅकची वाट न पाहता कळेल. आमच्या दाजींनी नुसता टेम्पो पाहून सही केली. कॉलेजला तर विद्यार्थी चार वर्षं रोज दिसतो. कर्ज बंद करा म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांना हे सुचत नाही, कारण आम्ही इंटरनेटवर वाचून येतो.

व्हायचं ते झालं. ऑगस्टमध्ये चौथ्या वर्षाचा हप्ता अडकला. शाखेतून कळवलं, सहकर्जदाराची केवायसी नव्याने हवी, ताजं पगारपत्रक हवं, आणि ‘परतफेडीच्या इराद्याबाबत’ एक लेखी निवेदन हवं. फी भरायची तारीख डोक्यावर. ताई फोनवर रडली नाही, ती फक्त म्हणाली, “तुला कुणी सांगितलं होतं रे अमेरिकेपर्यंत जायला?” मी आयुष्यभर शासकीय मसुदे लिहिले आहेत. पण एवढा कठीण मसुदा लिहिला नव्हता. ‘उपरोक्त व्याख्यानात व्यक्त झालेली मते ही वक्त्याची वैयक्तिक मते नसून, ती आयोजकांनी नेमून दिलेल्या बाजूची मते होती. सदर भाषण हे केवळ भाषण होते. प्रस्तुत कर्जाची परतफेड करण्याचा निम्नस्वाक्षरीकाराचा इरादा पूर्वीपासूनच पक्का असून...’ अधिकाऱ्यांनी वाचून फाइलला लावलं आणि म्हणाले, “छान लिहिता. पुढच्या वर्षी या पुन्हा, ‘चालू ठेवावीत’वर.”

ओंकारला माझ्या भाषणाचा उपयोग झाला, हे मान्य केलं पाहिजे. कॅम्पस मुलाखतीत गटचर्चेला हाच विषय निघाला. पठ्ठ्याने चित्रीकरणातले माझे सगळे मुद्दे पाठ केले होते. त्याने ते एकेक मांडले आणि बाईंच्या मुद्द्यांनी एकेक खोडून काढले. गुणाकारसुद्धा बरोबर केला. निवड झाली. पण २०२३चं ते वर्ष आयटीत ऑफर लेटर देऊन रुजूच न करून घेण्याचं होतं. कंपनी दर तिमाहीला ‘लवकरच कळवू’ असं कळवत राहिली. शेवटच्या सत्रातली मेस आम्ही कागदावर कापली होती; ती त्याने खाल्ली, आणि बावीस हजार मी दिले.

शिक्षण संपून एक वर्ष झालं आणि २०२४च्या पावसाळ्यात सवलतीचा काळ उलटला. पाच वर्षांचं व्याज मुद्दलात मिसळलं, साडेसात लाखांचे दहा लाख झाले, हप्ता तेरा हजारांच्या वर बसला. पहिले काही हप्ते अर्थात पहिल्या पक्षातल्या मामाने भरले. नोव्हेंबरात बातमी आली: केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी मंजूर केली. निवडक ८६० संस्थांतल्या विद्यार्थ्यांना तारण नको, जामीन नको. उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत. दाजींची ती फुगवलेली श्रीमंती यात आरामात बसली असती. पोरगा मात्र पास होऊन बसला होता.

मार्चमध्ये मी आयकर सल्लागाराकडे गेलो. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर ८० ई खाली सूट मिळते, तीही आठ वर्षं, हे मी वाचलं होतं. म्हटलं, इथे तरी सरकार माझी हमी घेईल. सल्लागार तरुण मुलगी होती. तिने विचारलं, “कर्ज कुणासाठी?”

“भाच्यासाठी. पण सहकर्जदार मी आहे आणि हप्ते मी भरतोय.”

“नाही बसत, काका. स्वतः, जोडीदार, मुलं, किंवा तुम्ही ज्याचे कायदेशीर पालक असाल तो विद्यार्थी. मामा यात येत नाही.”

बँकेने मला पहिल्या पक्षात घेतलं आणि आयकराने थेट नात्यातूनच काढलं. मी हताश होऊन ताईला फोन लावला, सगळं सांगितलं आणि वैतागून म्हणालो, “आता ओंकारला दत्तकच घेतो म्हणजे सुटलो!” फोन स्पीकरवर होता. मागून दाजींचा आवाज आला.

“न्या की पाव्हणं, खुशाल न्या. आन् जमलं तर त्या टेम्पोवाल्यालाबी दत्तक घ्या.”